चल्लस आठ: आत शिरेपर्यंतचा माझा अनुभव

चल्लस आठ हा पटावर सोंगट्यांनी खेळायचा खेळ शिकवायला बसलेला माणूस पट कसा आखायचा ते सांगतो, चिंचोके कसे टाकायचे ते सांगतो. ज्या नियमावर सगळा डाव उभा आहे, तो मात्र आपण त्याच्यावर जाऊन आपटल्याशिवाय कोणी तोंडातून काढत नाही. तो नियम असा: समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आपली एकही सोंगटी आतल्या घरांत जाऊ शकत नाही. हे आधी न सांगितल्याचा राग माझ्या मनात अजून आहे, म्हणून नवीन शिकणाऱ्यांसाठी नीट लिहून ठेवते.

बाकीचा खेळ सोपा. खडूने पाच बाय पाचचा चौकोन आखायचा, चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मध्यात फुली मारायची. प्रत्येकाच्या चार सोंगट्या आपल्या बाजूच्या फुलीवरून निघतात. बाहेरची फेरी घड्याळाच्या उलट, मग आत वळून आतली आठ घरं घड्याळाप्रमाणे, आणि शेवटी मधली फुली. फुलीवरच्या सोंगटीला कोणी हात लावू शकत नाही. इतर घरात सापडली, की मेली, पुन्हा पहिल्यापासून. दानासाठी चार चिंचोके मधोमध फोडून एकेक फाक घ्यायची. जितक्या फाका उताण्या, म्हणजे पांढरी बाजू वर, तितकं दान. चारही उताण्या पडल्या तर चौका, चारही पालथ्या पडल्या तर आठ. चौका किंवा आठ पडला, किंवा सोंगटी मारली, की आणखी एक दान मिळतं.

मला आत्याने एवढंच सांगितलं आणि आम्ही खेळायला बसलो. माझी पहिली सोंगटी पूर्ण फेरी मारून आतल्या वळणापाशी आली. मी ती आत सरकवायला उचलली, तर आत्या म्हणाली, "थांब, कुणाची मारलीस का?"

"नाही."

"मग आत कशी जाशील? फिर परत बाहेरून."

मी फिरले. दुसरी सोंगटी आली, तीही फिरली. आत्याने तोवर माझी एक मारली होती, त्यामुळे तिच्या सोंगट्या एकेक करून आत वळत होत्या आणि मी बाहेरून चकरा मारत होते. शेवटी तिची एकही सोंगटी बाहेर उरली नाही. मग मी मारायचं तरी कुणाला? समोर सावजच नाही आणि सावजाशिवाय दार उघडत नाही. मी विचारलं, तर उत्तर आलं, "असंच असतं." मला अजूनही वाटतं की हे उत्तर नव्हे. दोघंच खेळत असतील तर तिथे डाव मेला, आणि तो संपेपर्यंत एकाने नुसतं बसून राहायचं.

म्हणून पट आखण्याआधी हे बोलून घ्या: समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या आत गेल्या आणि आपला मार झालेलाच नाही, म्हणजे आपण समोरच्याची एकही सोंगटी मारलेली नाही, तर काय? आम्ही आता असं ठरवलंय की अशा वेळी चौका किंवा आठ पडला तर आत जाता येतं. तुम्ही दुसरं काही ठरवा, पण आधी ठरवा. एक मार चारही सोंगट्यांना पुरतो की प्रत्येकीला वेगळा लागतो, हेही विचारा. आमच्याकडे एक पुरतो. सोंगटी पटावर यायला ठरावीक दान लागतं का, यातही घराघरांत फरक असतो.

आता मार मिळवायचा कसा, हे मी पुढे खेळत खेळत शोधून काढलं आणि त्याचा मला अभिमान आहे. लुडोची सवय असलेले इथेच फसतात. लुडोच्या फाशावर सहाही आकडे सारखेच येतात, इथे तसं नाही. चार फाका सोळा तऱ्हांनी पडू शकतात. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तर त्या सोळांत दोनाचं दान सहादा येतं, एक आणि तीन चार-चारदा, चौका एकदाच आणि आठही एकदाच. म्हणजे आपल्यापुढे दोन घरांवर उभी असलेली सोंगटी हे सगळ्यात चांगलं सावज, आणि शत्रूच्या पुढे दोन घरांवर आपण उभं राहणं हा सगळ्यात मोठा धोका.

याहून महत्त्वाची गोष्ट पटावरच दिसते. बाहेरच्या दोन फुल्यांमध्ये चार घरांचं अंतर आहे. फुलीवरून थेट पुढच्या फुलीवर जायला चौकाच हवा, आणि तो क्वचित पडतो. त्यामुळे प्रत्येकाला मध्ये उघड्यावर उतरावंच लागतं, आणि सगळ्यात जास्त वेळा दोनाच्या दानाने, म्हणजे बरोबर कोपऱ्यातल्या घरात. म्हणून शत्रू ज्या फुलीवर बसलाय त्याच फुलीवर जाऊन बसायचं. फुलीवर दोघांच्या सोंगट्या एकत्र चालतात. तो कोपऱ्यात उतरला की आपल्याला दोनच हवेत.

माझा पहिला मार असाच मिळाला. आत्याची सोंगटी कोपऱ्यात आणि माझी मागच्या फुलीवर. फाका टाकल्या, दोन पांढऱ्या पडल्या, तिसरी फरशीच्या खाचेत तिरकी उभी राहिली. आत्या म्हणाली, "परत टाक." परत टाकल्या, पुन्हा दोनच! तिची सोंगटी मी स्वतःच्या हाताने उचलून तिच्या फुलीवर ठेवली आणि इतके दिवस बंद असलेलं दार उघडलं. तेव्हा जे हायसं वाटलं ते डाव जिंकल्यावरही वाटलं नाही.

तिरक्या फाकेचं दान धरायचं नाही, हे वर सांगायचं राहिलं.

आणखी एक. मार मिळेपर्यंत चारही सोंगट्या पुढे पळवू नका. एक मागे फुलीवर राखून ठेवा, कारण सावज पुढे असावं लागतं आणि शिकारी मागे. उघड्यावर थांबायची वेळ आलीच, तर शत्रूच्या पुढे पाच, सहा किंवा सात घरांवर थांबा. ही दानं एका फेकीत येतच नाहीत, आधी चौका पडावा लागतो.

आत गेल्यावर मध्यापर्यंत एकही फुली नाही. तिथे रेंगाळू नका. मधल्या फुलीवर जायला नेमकं दान लागतं, त्यामुळे दाराशी दुसरी सोंगटी तयार ठेवा, म्हणजे नको असलेलं दान तिच्यावर चालवता येतं.