पेज आमचं आणि ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर : माझा अनुभव

परवा तासगावच्या एका ओळखीच्या ताईंचा फोन आला, शेवया-पापडाचं काम आहे त्यांचं, बोलता बोलता म्हणाल्या, "इन्स्टाग्राम-फेसबुकचं एका एजन्सीला दिलंय बाई, सगळं तेच बघतात, मला काही टेन्शन नाही." ते ऐकलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. दीड वर्षापूर्वी मी हेच वाक्य चार जणींना अभिमानानं सांगत होते. त्यांना फोनवर जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते, कुणाचे तरी हेलपाटे वाचतील.

आमचं हळद पावडरचं काम आहे, सांगलीवाडीत. हळद घरची, दिरांच्या शेतातली. शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणायची आणि घराशेजारच्या शेडमध्ये दळून पाऊचमध्ये भरायची. सांगलीत हळद विकायची म्हणजे काय ते सांगलीकरांना सांगायला नको, इथं गल्लीत चार जण हळदीतले असतात. म्हणून ऑनलाइन गिऱ्हाईक करायचं ठरवलं, आणि आमच्या दोघांना त्यातलं काही येत नव्हतं म्हणून विश्रामबागेतल्या एका एजन्सीला महिन्याला ६००० रुपयांवर काम दिलं. नाव लिहीत नाही, लिहून काय उपयोग.

तीन महिन्यांत फॉलोअर ११ हजारांच्या वर गेले. आम्ही खूश. सासूबाई येईल त्याला फोन दाखवायच्या. पण पोस्टला लाइक ९, त्यातले चार घरचे. ऑर्डर तर इन्स्टावरून एकही नाही. विचारलं तर "मॅडम एन्गेजमेंट हळूहळू बिल्ड होते" एवढंच उत्तर, म्हणजे लोकांचं लाइक करणं, बोलणं हळूहळू वाढतं. पोस्ट कसल्या, तर 'हॅपी संडे', सणाच्या शुभेच्छा, खाली आमचा लोगो. एका पोस्टवर हळकुंडाच्या जागी आल्याचा फोटो होता, आल्याचा! एका ताईंनी खाली लिहिलं होतं, "अहो हे आलं आहे." त्या कमेंटला पाच आठवडे कुणी उत्तर दिलं नव्हतं. हळदीच्या घराण्यातली मी, आणि माझ्या पेजवर आलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या पोस्टवर 'जीआय सर्टिफाइड' लिहिलेलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय हे खरं, पण तो टॅग वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि आमची झालेली नव्हती. म्हणजे आमच्या नावानं खोटं चाललेलं आणि आम्हाला पत्ताच नाही.

जुलैत काम बंद करायचं ठरवलं. म्हटलं आता पेज आम्हीच चालवू, पासवर्ड द्या. आणि इथनं पुढं तीन महिने मी काय भोगलंय ते माझं मला माहीत.

पहिल्यांदा गेले तर, "सर मीटिंगमध्ये आहेत, उद्या देतो." दुसऱ्यांदा, "मेल करा." मेल केला, उत्तर नाही. तिसऱ्यांदा पासवर्ड मिळाला एका चिठ्ठीवर, घरी येऊन टाकला तर इन्स्टाग्राम ओटीपी मागतंय, आणि ओटीपी जातोय कुणाच्या तरी नंबरवर ज्याचे शेवटचे दोन आकडे फक्त दिसतात. चौथ्यांदा गेले तेव्हा कळलं, अकाउंट काढलं होतं त्यांच्याकडच्या एका पोरानं, स्वतःच्या मोबाइल नंबरवर, ईमेल एजन्सीचा, आणि ते पोरगं नोकरी सोडून पुण्याला गेलेलं. "आता त्याच्याकडनंच घ्यावं लागेल मॅडम, आमच्या हातात काही नाही." नंबर द्या म्हटलं तर देत नाहीत. सातव्या हेलपाट्याला म्हणाले हँडओव्हरचे १५,००० होतील. कशाचे पंधरा हजार? आमच्याच दुकानाच्या किल्लीचे?

तुम्ही म्हणाल नवीन अकाउंट काढायचं, सोडून द्यायचं. मलाही सगळे तेच म्हणत होते, आमचे हे सुद्धा. पण आम्ही ३००० पाऊच छापून घेतले होते आणि प्रत्येक पाऊचवर त्याच पेजचा क्यूआर होता. ते पाऊच शेडमध्ये खोक्यांत बघितले की जीव तुटायचा. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करणार आणि कुठं जाणार, तर जिथं आल्याचा फोटो आहे तिथं.

त्यात पावसाळा. सांगलीवाडीत राहणाऱ्याला जुलै-ऑगस्टमध्ये दुसरं काही सुचत नाही, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटावर आलं हाच विषय, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पाणी वाढायला लागलं तसं आम्ही हळदीची पोती माडीवर चढवली, कुरिअर थांबवलं. जे थोडे खरे गिऱ्हाईक होते ते पेजवर विचारत होते "पार्सल कधी येणार", "पाणी आलंय का तुमच्याकडं, सगळे बरे आहात ना". मला माझ्या फोनवरून ते दिसत होतं. पेजच्या नावानं उत्तर देता येत नव्हतं. शेवटी माझ्या स्वतःच्या अकाउंटवरून एकेकाला लिहिलं, तर दोघांनी विचारलं तुम्ही कोण. लोकं काळजीनं विचारतात आणि आपल्याला आपल्याच घरातून ओ देता येत नाही, हे मी विसरू शकत नाही.

सुटलं कसं ते सांगते. ह्यांनी एक शहाणपणाचं सुचवलं, तोंडी बोलायचं बंद करायचं आणि कागद द्यायचा. एका पानावर चार मागण्या लिहिल्या : इन्स्टाग्रामचा ईमेल आणि नंबर बदलून देणे, फेसबुक पेजचा पूर्ण कंट्रोल आमच्या प्रोफाइलला देणे, एजन्सीच्या बिझनेस पोर्टफोलिओतून (सगळ्या गिऱ्हाइकांची पेजं एकत्र सांभाळायचं त्यांचं फेसबुकवरचं खातं) आमचं पेज काढणे, लोगोच्या मूळ फाइली देणे. पैसे भरल्याच्या सगळ्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या. दोन प्रती नेल्या आणि एकावर सही-शिक्क्यासहित पोच मागितली. तारखेचा शिक्का मारायची वेळ आली आणि अर्ध्या तासात सर मीटिंगमधून बाहेर आले. पंधरा हजारांचा विषय परत निघाला नाही.

पण ओटीपी त्या पोराकडंच जाणार होता. त्याचा नंबर शेवटी एजन्सीखालच्या चहावाल्या मावशींकडनं मिळाला. मी भांडायच्या तयारीनं फोन केला, आणि ते पोरगं इतकं भलं निघालं! "ताई, मी सोडतानाच त्यांना म्हणालो होतो नंबर बदलून घ्या." पुण्यात रात्रपाळी करत होतं. रात्री दहाला जेवणाच्या सुट्टीत बसतो, तेव्हा करू म्हणाला. पहिला ओटीपी आला तेव्हा तो कँटीनच्या रांगेत, फोन उचलेपर्यंत वेळ संपली. दुसरा त्यानं वाचला आणि मी घाईत आकडे उलटे टाकले. मग ॲपच म्हणालं थोड्या वेळानं प्रयत्न करा. वीस मिनिटं आम्ही दोघं फोन चालू ठेवून बसलो, तो आमच्या जवळच्याच कसबे डिग्रजचा निघाला, त्याच्या चुलत्यांची पण हळद. तिसरा ओटीपी लागला. लेकीनं लगेच ईमेल बदलला, नंबर बदलला, पासवर्ड बदलला, आणि मी देवासमोर साखर ठेवली. खरंच ठेवली.

फेसबुकचं त्याच आठवड्यात त्यानं ह्यांच्या प्रोफाइलला फुल कंट्रोल दिला, तो नोटिफिकेशनमधून स्वीकारावा लागतो हे लक्षात ठेवा. तरी पेज एजन्सीच्या पोर्टफोलिओतच अडकलेलं, ते काढायला अजून तीन आठवडे आणि दोन हेलपाटे. ऑक्टोबरात सगळं आमचं झालं.

आता एन्गेजमेंटचं, ज्याच्यासाठी एवढं केलं.

आधी इनसाइट्स उघडलं, म्हणजे इन्स्टाग्राममधलं पेजच्या आकडेवारीचं पान. फॉलोअर कुठल्या शहरातले ते तिथं दिसतं. वरच्या पाचात सांगली नाही, कोल्हापूर नाही, पुणे नाही. सगळी परदेशी गावं. विकत आणलेले फॉलोअर म्हणजे हा भुसाच. माझी लेक आणि मी रोज रात्री जेवणं झाली की बसून एकेकाला रिमूव्ह करत होतो, रोज शंभर-दीडशे, जास्त घाई केली नाही. ११ हजारांचे अडीच हजारांवर आले तेव्हा सासूबाई हळहळल्या, पण मला हलकं वाटलं. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये स्वतः सांगितलंय की लोक किती वेळ बघतात, किती जण लाइक करतात आणि किती जण दुसऱ्याला पाठवतात या तीन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या, आणि अनोळखी माणसांपर्यंत पोचायचं तर पाठवणं जास्त कामाला येतं. आता भुसा कुणाला काय पाठवणार?

मग मी एकच प्रश्न स्वतःला विचारायला लागले, ही रील बघून एखादी बाई आपल्या बहिणीला पाठवेल का?

जानेवारीत काढणी सुरू झाली तेव्हा शेतावर हळद शिजवतानाची रील केली. कुकरची वाफ, शिजलेली हळकुंडं ताडपत्रीवर ओतली जातात तो आवाज, आणि सासऱ्यांनी एक हळकुंड मधोमध मोडून दाखवलं, आतून केशरी. गाणं लावलं नाही, कारण बिझनेस अकाउंटला गाजलेली गाणी मिळतच नाहीत, आणि बरं झालं. वाफेच्या आवाजावरच लोक बोलले. मुंबईतल्या एका काकांनी लिहिलं की लहानपणी त्यांच्याकडं काहिलीत शिजवायचे, त्यावरून खाली चाळीसेक जणांच्या आठवणी निघाल्या. मी प्रत्येकाला उत्तर दिलं, नुसता हात जोडलेला इमोजी नाही, कुठलं गाव, किती एकर होती असं विचारून. लोकं परत येऊन बोलतात मग.

सगळ्यात जास्त चाललेली रील मात्र ग्लासाची. एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, घरच्या घरी भेसळ ओळखायच्या चाचण्या दिल्यात, त्यातली हळदीची अगदी सोपी आहे : ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकायची, चांगली हळद तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं, रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. ओट्यावर दोन ग्लास ठेवून आमची आणि बाजारातली सुटी हळद टाकली, कुणाचं नाव घेतलं नाही, आणि शेवटी म्हटलं तुमच्या घरची टाकून बघा आणि फोटो पाठवा. पहिल्या आठवड्यात ४०० वर सेव्ह. आणि फोटो! विट्यावरून, जतवरून, ठाण्यावरून, ओट्यावरचे, देवघरातले, एकीनं तर सासरची आणि माहेरची हळद शेजारी शेजारी लावलेली. ते फोटो विचारून स्टोरीला लावले. स्टोरी २४ तासांत जाते म्हणून चांगले हायलाइटमध्ये ठेवले, ते पेजवर कायम दिसतात.

अजून एक, भाव लपवू नका. "प्राइससाठी डीएम करा", म्हणजे भावासाठी खासगी मेसेज करा, हे एजन्सीनं चालवलं होतं, मला ते अजिबात पटत नाही. बाजारात भाव विचारल्यावर कानात या म्हणतो का कुणी? कमेंटमध्येच सरळ भाव लिहायचा आणि ती कमेंट पिन करायची, म्हणजे सगळ्यात वर राहते. रोजचे निम्मे मेसेज कमी झाले आणि आले ते घेणारे आले.

बूस्टचं, म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं, बटण मी एकदाच दाबलं, ५०० रुपयांचं, वर १८ टक्के जीएसटी. चाललेल्या रीललाच केलं आणि फक्त पुणे-मुंबई निवडलं. पडलेल्या पोस्टला पैसे घालून ती उठत नाही.

एका भडंग करणाऱ्या ताईंबरोबर कोलॅब रील केली, आमची हळद त्यांच्या फोडणीत. ती दोघींच्या पेजवर एकदम दिसते, त्यांचे गिऱ्हाईक आम्हाला आणि आमचे त्यांना. पैसा लागला नाही. शेवया-पापडवाल्या ताईंना मी हेच सांगितलं, वाळवणाच्या दिवसात आपण मिळून करू.

हां, व्हॉट्सॲपचं राहिलं. ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच जातो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय. म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी टाकते, "नवीन हळद निघाली की कळवू, नंबर सेव्ह करा." छापील नाही, लेक हातानं लिहिते.

आणि ज्यांनी कुणाला काम दिलंय त्यांनी आजच रात्री बघा, अकाउंटच्या सेटिंगमध्ये ईमेल आणि नंबर कुणाचा आहे. काम बाहेर द्या, त्याला माझी ना नाही, सगळे वाईट नसतात, पण खातं स्वतःच्या नंबरवर काढून मग त्यांना द्या. टू-फॅक्टर लावा, म्हणजे पासवर्डबरोबर कोडही लागतो, आणि फोन हाताशी नसताना आत जायला मिळतात ते बॅकअप कोड कागदावर उतरवा. आमचे हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आहेत, वही कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला.