कर्कस्टॉल लेनकडून दिसलेला बोथम

लीड्सहून हॅरोगेटकडे निघालेल्या गाडीचे पहिले स्थानक बर्ली पार्क. तेथे उतरून, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या लाल विटांच्या घरांमधून दहाएक मिनिटे चालले की हेडिंग्लेचे मैदान लागते. कौंटी सामना चालू होता, गर्दी तुरळक होती आणि येथे खेळपट्टीपेक्षा आभाळ अधिक बघावे असे जे म्हणतात, त्याला साजेसे ढगही दाटले होते.

मी मुद्दाम कर्कस्टॉल लेनच्या बाजूला बसलो, कारण २१ जुलै १९८१ रोजी याच टोकाकडून इंग्लंडचा वेगवान गोलंदाज बॉब विलिस याने ४३ धावांत ८ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला १११ धावांत गुंडाळले होते. तरीही तो सामना सर्वांच्या तोंडी आहे तो इंग्लंडचा अष्टपैलू इयन बोथम याचा म्हणूनच. आधीच्या कसोटीत लॉर्ड्सवर दोन्ही डावांत भोपळा, कर्णधार म्हणून बारा कसोटींत एकही विजय नाही, त्यातून दिलेला राजीनामा. आणि लगेचच्या या हेडिंग्ले कसोटीत, फॉलोऑननंतर (म्हणजे पिछाडीमुळे लगेच दुसरा डाव खेळावा लागल्यावर) ७ बाद १३५ अशा अवस्थेत, डावाचा पराभव टाळायलाही ९२ धावा हव्या असताना, १४८ चेंडूंत नाबाद १४९! इंग्लंडच्या विजयावर सट्टेबाजांनी एकास पाचशे असा भाव लावला होता. इंग्लंड १८ धावांनी जिंकले. कर्णधारपदाचे ओझे उतरले म्हणूनच तो असा मोकळा खेळला, असे माझे मत आहे.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ मांडीवरच्या वहीत पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची नोंद करीत होते. मी मुंबईचा आहे हे कळताच त्यांनी पेन्सिल कानावर अडकवली आणि वानखेडेवरची फेब्रुवारी १९८० ची भारत-इंग्लंड सुवर्णमहोत्सवी कसोटी काढली. बोथमने तेथे ११४ धावा करून १०६ धावांत १३ बळी घेतले होते. एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी ही कामगिरी त्यापूर्वी कोणत्याही पुरुष क्रिकेटपटूने केली नव्हती. माझे वडील तेव्हा प्रेक्षकांत होते, हे मी अभिमानाने सांगितले.

गृहस्थांना मात्र त्याहून अधिक लक्षात होता गुंडाप्पा विश्वनाथ. इंग्लंड ५ बाद ५८ वरून सावरत असताना पंचांनी बॉब टेलरला झेलबाद दिले होते, पण चेंडू बॅटला लागलाच नसल्याची खात्री असल्यामुळे आपल्या या कर्णधाराने त्याला परत बोलावले; पुढे टेलर-बोथम जोडीने १७१ धावांची भागी केली आणि आपण दहा गड्यांनी हरलो. वडील ही हकिगत सांगताना अजूनही विश्वनाथवर चरफडतात. ते ऐकून गृहस्थ खळखळून हसले आणि त्या नादात त्यांचा एक चेंडू नोंदवायचा राहिला.