प्रयोगशाळेतील कवटी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा स्नेहसंमेलनांविषयी आणि गणेशोत्सवातील नाटकांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच, असे धरून मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील कवटीविषयी लिहायचे ठरवले. पुढे इंदूरमध्येच दंतवैद्यक शिकून मी येथेच व्यवसाय करू लागलो, आणि त्या कवटीवर जीवशास्त्राच्या बाईंनी जे दाखवले ते मला रोजच्या कामात लागते.

कवटीत २२ हाडे असतात, ८ मेंदूभोवतीची आणि १४ चेहऱ्याची, हे बाई एका वाक्यात आटोपत. त्यांना रस होता तो या २२ हाडांपैकी हलणाऱ्या एकाच हाडात, म्हणजे खालच्या जबड्यात. शिकवण्याच्या कवटीला हा जबडा दोन स्प्रिंगांनी अडकवलेला असल्यामुळे तो बिजागरीसारखा केवळ वर-खाली होतो. बाईंनी त्या स्प्रिंगा काढून जबडा हातात धरला आणि आम्हा सर्वांना कानांच्या अगदी पुढे बोटे ठेवून तोंड आधी थोडे, मग सराफ्यातला (इंदूरच्या खाऊगल्लीतला) पानीपतासा, म्हणजे पाणीपुरी, अख्खा तोंडात घालताना उघडतो तेवढे उघडायला सांगितले. बोटांखालचे हाड प्रथम जागच्या जागी फिरले आणि मग चक्क पुढे सरकले.

या सांध्यात जबड्याचे गोलसर टोक शंखास्थीच्या, म्हणजे कानशिलाच्या हाडाच्या, खोलगट भागात बसते, पण दोन हाडांच्या मध्ये तंतुमय कूर्चेची चकती असून तिच्यामुळे सांध्याचे दोन कप्पे होतात. सुरुवातीचे सुमारे २० ते २५ मिलिमीटर तोंड मुख्यतः खालच्या कप्प्यातील फिरण्याने उघडते. त्यापुढे लॅटरल टेरिगॉइड हा स्नायू टोकाला आणि चकतीला पुढे ओढतो व दोन्ही मिळून समोरच्या उंचवट्याच्या उतारावरून घसरतात. मोठी जांभई देताना टोक तो उंचवटा ओलांडून पुढेच अडकले, तर तोंड मिटत नाही. अशा वेळी घरची मंडळी हनुवटी वर ढकलू पाहतात, जे नेमके उलट आहे. जबडा आधी खाली दाबून मगच मागे न्यावा लागतो, आणि ते काम डॉक्टरांवरच सोडावे.

खालचा जबडा एकसंध असल्यामुळे एका बाजूचा सांधा दुसऱ्याला सोडून हलूच शकत नाही, आणि सांध्याला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा कानाकडेही जात असल्याने सांध्याचे दुखणे पुष्कळांना कानाचे वाटते. कान निर्दोष ठरल्यावर माझ्याकडे आलेल्या रुग्णांना मी बाईंचाच प्रयोग करायला लावतो.

अलीकडे मात्र वेगळ्याच कारणाने तोंड न उघडणारे तरुण येतात. सांधा ठीक असतो. सुपारी आणि गुटख्यामुळे गालांच्या आतील अस्तराखाली तंतू साठून ते ताठ झालेले असते. हा ताठपणा सहसा पूर्णपणे जात नाही आणि त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो. निरोगी प्रौढाच्या पुढच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटे उभी मावतात. शाळेच्या वार्षिक आरोग्य तपासणीत वरच्या वर्गांसाठी ही तीन बोटांची चाचणी घ्यावी, अशी माझी विद्यमान शिक्षकांना विनंती आहे. तिला कोणतेही उपकरण लागत नाही, आणि त्या दिवशी येण्यास मी तयार आहे.