२^१२७ − १ : शून्य आलं, पण ओळखू आलं नाही

मागच्या नोंदीत २^७ − १, म्हणजे १२७ वर थांबलो होतो. आता तोच १२७ घातांकात बसवला. २, ३, ७, १२७ अशी ही साखळी. दर वेळी हाती आलेली संख्या घातांकात टाकायची. पुढची कडी:

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

एकोणचाळीस अंक. वहीत उतरवताना दोन अंकांची अदलाबदल झाली. बेरीज केली, १५४; नऊने बाकी १, हवी तशीच. अदलाबदल बेरजेत सापडणार कशी? मग ११ ची कसोटी लावली. बाकी ६ यायला हवी, आली भलतीच. तेव्हा कुठे चूक सापडली.

ही संख्या मूळ (१ आणि स्वतः यांशिवाय कशानेही भाग न जाणारी) असल्याचं फ्रेंच गणिती एद्वार ल्युका याने १८७६ मध्ये सिद्ध केलं, तेही हाताने! पुढे १९५१ पर्यंत हीच ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती. पद्धत आज ल्युका-लेमर कसोटी म्हणून ओळखली जाते. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्या. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या फेऱ्यांनंतर ० आला तर संख्या मूळ. १२७ साठी (घातांक ७): ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाच फेऱ्या, चहा गार व्हायच्या आत.

खरी गंमत बाकी काढण्यात आहे. भागाकार लागतच नाही. ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७ = ३५ × १२८ + ७; १२८ ला १२७ ने भागलं की बाकी १, म्हणून बाकी ३५ + ७ = ४२. बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून लिहिताना) तर नुसते शेवटचे सात अंक तोडायचे आणि उरलेल्यांत मिळवायचे.

हेच पायथन या संगणक-भाषेत २^१२७ − १ साठी, म्हणजे १२७ बायनरी अंकांसाठी लिहिलं. १२५ फेऱ्या, पापणी लवायच्या आत उत्तर: ‘मूळ नाही’. दोन संध्याकाळी वर्ग तपासण्यात घालवल्या. शेवटी उत्तर बायनरीत छापलं, तर ओळीने १२७ एक्के! म्हणजे खुद्द २^१२७ − १, म्हणजेच शून्य. धन संख्या तोडून बेरीज केली की बेरीजही धनच येणार. माझ्या प्रोग्रॅमला ० कधी दिसणारच नव्हतं. आणि हातच्या गणितात तेच समोर होतं की: १११ चा वर्ग वजा २ म्हणजे १२३१९ = ९६ × १२८ + ३१, आणि ९६ + ३१ = १२७. तिथे मी सवयीने ० लिहून मोकळा झालो होतो.

एक ओळ वाढवली: सगळे एक्के आले तर ० धर. आता २^१२७ − १ ‘मूळ’ येतं. उलट बाजूने २^११ − १ घातलं; शेवटी १७३६ उरले, बरोबर, कारण २०४७ = २३ × ८९. फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ च्या यादीत, म्हणजे अशी मूळ संख्या देणाऱ्या घातांकांच्या यादीत, १२७ बरोबर धरला होता, पण ६७ आणि २५७ चुकीचे घुसवले आणि ६१, ८९, १०७ गाळले. पुढच्या रविवारी हे पाचही चालवतो.