दश्शी-दुर्रीची वही: नोंद सहावी

मागच्या वेळी म्हटल्याप्रमाणे अमेरिकन पोकरपटू डॉयल ब्रन्सनच्या स्पर्धांतले गाजलेले शेवटचे डाव एकेक करून टेबलावर मांडायला घेतलेत. टेबल म्हणजे आमचं जेवणाचं, चिप्स म्हणजे चिंचोके आणि कॅट तोच जुना, बदाम राणीचा कोपरा दुमडलेला. सॉफ्टवेअरला विचारलं की टक्केवारी लगेच मिळते, हे माहीत आहे. पण स्वतः पिसून पत्ता उलटल्याशिवाय 9 टक्के म्हणजे किती कमी, हे अंगात उतरत नाही.

आधी 1976. लास व्हेगासचा बिनियन्स हॉर्सशू कॅसिनो, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा. 22 जण, प्रत्येकी 10,000 डॉलर, आणि सगळेच्या सगळे 2,20,000 एकट्या विजेत्याला. शेवटच्या डावात जेसी आल्टोकडे एक्का-गुलाम, ब्रन्सनकडे इस्पिकची दश्शी-दुर्री. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामायिक पत्त्यांत, एक्का, गुलाम, दश्शी. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, दुर्री. दोघांचेही टू पेअर, म्हणजे दोन जोड्या, पण आल्टोचे वरचढ. न दिसणाऱ्या 44 पत्त्यांत ब्रन्सनला वाचवणारे चारच: दोन दश्श्या, दोन दुर्र्या. रिव्हरला, म्हणजे पाचव्या नि शेवटच्या पत्त्याला, दश्शी पडली, फुल हाउस (तीन एकसारखे नि एक जोडी) झालं, खेळ संपला.

मी आठ पत्ते बाजूला काढले, उरलेले पिसले, वरचा उलटला. असं 110 वेळा. हिशेबाने 10 वेळा जमायला हवं, मला 12 वेळा जमलं. मधे एकदा सलग 31 उतारे कोरडे गेले आणि आल्टोचं दुःख पटलं. आई भाजी निवडत बघत होती. दश्शी उलटली की तिचे डोळे चमकायचे. तिचा जन्म मेंढीकोटमध्ये गेलेला, तिच्या लेखी दश्शी म्हणजे मेंढी, आणि मेंढी हाताला लागली की डाव आपला. "मेंढी आली ना? मग तोंड का पाडलंयस?" म्हटलं, आई, मी आत्ता आल्टोच्या बाजूने बसलोय.

आता 1977, आणि इथे माझं भांडण आहे. 34 खेळाडू, 3,40,000 डॉलर, समोर गॅरी बर्लंड. ब्रन्सनकडे पुन्हा दश्शी-दुर्री, पुन्हा रिव्हरला दश्शी, पुन्हा फुल हाउस. तेव्हापासून या पत्त्यांना त्याचंच नाव चिकटलं आणि जो तो दोन्ही वर्षं एकाच नशिबाच्या पोत्यात भरतो. पण पत्ते मांडून बघा. बर्लंडकडे अठ्ठी-पंजी, फ्लॉप दश्शी-अठ्ठी-पंजी. इथपर्यंत बर्लंड पुढे. टर्नला दुर्री आली आणि पारडं फिरलं: दश्शी-दुर्रीचे टू पेअर अठ्ठी-पंजीच्या वर. आता चार पत्त्यांची आशा बर्लंडला होती, दोन अठ्ठ्या नि दोन पंज्या. रिव्हरची ती प्रसिद्ध दश्शी ब्रन्सनला लागतच नव्हती! चौकट सत्ती आली असती तरी तोच जिंकला असता. काम दुर्रीने केलं, नाव दश्शीचं झालं.

या माणसाला निव्वळ नशीबवान म्हणणं मला तसंही जड जातं. 1933 चा जन्म, टेक्ससमधलं लॉंगवर्थ नावाचं खेडं. 1950 मध्ये शालेय स्पर्धेत मैलभर शर्यत 4 मिनिटं 43 सेकंदांत जिंकलेला पोरगा. पुढे कॉलेजात बास्केटबॉल असा, की मिनीॲपोलिस लेकर्सची नजर त्याच्यावर होती. मग सुट्टीतल्या नोकरीत, जिप्समच्या कारखान्यात, पायावर माल कोसळला नि पाय दोन ठिकाणी मोडला. बास्केटबॉल तिथेच संपलं. पदव्युत्तर शिक्षण घेऊन कार्यालयीन यंत्रं विकायला बाहेर पडला, तर पहिल्याच दिवशी एका पत्त्यांच्या बैठकीत बसून तीन तासांच्या आत महिन्याच्या पगाराहून जास्त कमावले. नोकरी फार टिकली नाही, हे सांगायला नको.

त्यानंतर अमारिलो स्लिम आणि सेलर रॉबर्ट्स या दोन जुगाऱ्यांबरोबर टेक्ससभर गावोगावच्या बेकायदा बैठका. तिघांचा गल्ला एकच. एकीकडे पोलीस, दुसरीकडे लुटारू. हाच सामायिक गल्ला घेऊन तिघं पहिल्यांदा मोठ्या तयारीने लास व्हेगासला गेले आणि लाखाच्या घरातली रक्कम सगळीच्या सगळी घालवून परतले. 1962 मध्ये कॅन्सर निघाला, त्यातूनही उठला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आपली सगळी युक्ती पुस्तकात छापून टाकली आणि मग आयुष्यभर ते वाचलेल्या पोरांशी खेळत बसला. वर्ल्ड सिरीजमधली स्पर्धा जिंकणाऱ्याला मिळणारं ब्रेसलेट, त्याचं दहावं, 2005 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर. 14 मे 2023 ला गेला, 89 वर्षांचा होऊन.

तर 1980, त्याच मुख्य स्पर्धेचा शेवटचा डाव. इथे तोच चार पत्त्यांखाली सापडला. स्टू अंगर हा जिन रमीतला राक्षस, होल्डेममध्ये, म्हणजे पोकरच्या या प्रकारात, तसा नवखा. ब्रन्सनकडे एक्का-सत्ती, फ्लॉप एक्का-सत्ती-दुर्री. याहून सुखाचं काय हवं? अंगरकडे पंजी-चव्वी, त्याला फक्त तिर्री हवी. तिर्र्या चार, न दिसणारे पत्ते 45. टर्नलाच तिर्री पडली, एक्क्यापासून पंजीपर्यंत स्ट्रेट लागला.

हे 90 वेळा उलटलं. आठच्या आसपास तिर्र्या यायला हव्या होत्या, आल्या तीन. शंभरेक उताऱ्यांत इतकी तफावत पडू शकते, अशी स्वतःची समजूत घालत होतो. सवयीने कॅट मोजला तर 51 भरले. किलवर तिर्री गायब! दोन दिवसांनी आईच्या पोथीत सापडली, अध्यायाची खूण म्हणून. कधीपासून, ते तिलाही आठवेना. म्हणजे अंगरला मी तीनच तिर्र्यांवर खेळवत होतो, आणि 1976 चे 110 उतारेही बहुधा 44 ऐवजी 43 पत्त्यांवर झालेत.

दोन्ही आकडे वहीत खोडलेत. आईला खुणेसाठी जोकर दिलाय. रविवारपासून पुन्हा एकपासून मोजणी.