संध्याकाळी मूल जेवले होते का?

साथरोगतज्ज्ञ घडवण्याचा विषय निघाला की मला बिहारमधील मुझफ्फरपूर आठवते. तिथे उन्हाळ्यात, लिचीच्या हंगामात, लहान मुले पहाटे झटके येऊन बेशुद्ध होत आणि त्यांतील अनेक दगावत. या आजाराचे कारण मात्र वर्षानुवर्षे सापडत नव्हते. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेसोबत 2012 मध्ये सुरू केलेल्या साथरोगतज्ज्ञांच्या प्रशिक्षणातील अधिकारी या शोधात उतरले. 2014 मध्ये दोन रुग्णालयांत दाखल झालेल्या 390 मुलांपैकी 122 दगावली. पथकाने 104 आजारी मुलांची त्याच वयाच्या तितक्याच इतर मुलांशी तुलना केली आणि आईवडिलांना एक साधा प्रश्न विचारला: आदल्या संध्याकाळी मूल जेवले होते का? लिचीतील विषारी घटक आणि रिकामे पोट एकत्र आले की रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाते, हे त्यातून उलगडले.

हा प्रश्न प्रयोगशाळेत बसून सुचत नाही, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच दोन वर्षांच्या या प्रशिक्षणाचा बहुतांश काळ प्रत्यक्ष कामात जातो: रुग्णाची व्याख्या, म्हणजे कोणाला रुग्ण मानायचे ते, ठरवणे, रुग्णयादी करणे, घरोघरी जाणे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत असे शिक्षण 2001 पासून मिळते आहे.

मात्र 2019 मध्ये मुझफ्फरपूरमध्ये पुन्हा शंभरहून अधिक मुले गेली. कारण माहीत होते. पण मुलाला रात्री जेवू घालणे आणि गावातल्याच आरोग्य केंद्रात वेळेवर ग्लुकोज मिळणे, हे दरवर्षी नव्याने घडवावे लागते.