आमची वाटचाल: कचरा डेपोतल्या वायूचा हिशेब

मुंबईत गोराईचं डंपिंग ग्राउंड शास्त्रोक्त पद्धतीने बंद झालं, ढिगावर आच्छादन पडलं, आतला वायू ओढून जाळण्याची सोय झाली. मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक, त्यामुळे तो जाळला की कार्बन क्रेडिट, म्हणजे टाळलेल्या प्रदूषणाचं विकता येणारं प्रमाणपत्र. हे कानावर गेल्यावर बाकीच्या नगरपालिका विचारू लागल्या, "आमच्या डेपोत गॅस किती?" तोवर आम्ही दोघं भागीदार पाण्याचे नमुने तपासत होतो. या प्रश्नाने आमचा धंदाच बदलला.

कागदावर उत्तर सोपं. कोणत्या वर्षी किती कचरा पडला, त्यात सडणारा किती, हे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सूत्रात भरायचं. पण जुन्या डेपोंवर वजनकाटाच नव्हता. गाड्यांच्या खेपा मोजून टनांचा अंदाज! शिवाय आपला कचरा म्हणजे भाजीचे देठ आणि खरकटं. आपल्या दमट हवेत त्यातला निम्मा वायू दोनेक वर्षांतच निघून जातो. कागद-पुठ्ठ्याला दहा लागतात. जुन्या ढिगातल्या वायूवर वीस वर्षं वीज काढायचे बेत इथेच फसतात.

म्हणून आम्ही ड्रम लावतो. एका बाजूने उघडा ड्रम उपडा घालून मातीत रोवायचा, कडेने ओली माती थापायची आणि ठरावीक वेळाने आतल्या मिथेनचं रीडिंग घ्यायचं. आकडा किती भराभर चढतो त्यावरून तेवढ्या जागेतून किती वायू निसटतो ते कळतं. शेजारशेजारच्या दोन ड्रमांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. भेग सापडली की वायू तिथूनच पळतो.

एका नगरपालिकेत आमचा आकडा आधीच्या सल्लागाराच्या निम्म्याहून कमी आला. "थोडा वाढवता येईल का?" असं विचारलं गेलं. आम्ही नाही म्हटलं. ते बिल मग टेबलाटेबलांवर फिरत राहिलं.

२०१२च्या सुमारास कार्बन क्रेडिटचे भाव कोसळले आणि ही कामं आटली. जानेवारी २०१६मध्ये मुंबईतल्याच देवनारच्या डंपिंग ग्राउंडला आग लागली, धूर मुंबईभर पसरला, आणि विचारणा पुन्हा सुरू झाली. या वेळी मात्र कमाईची नव्हे, सुरक्षेची. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की ठिणगी पुरते. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत मर्यादा घातली होती ती या खालच्या पातळीच्या चौथाईची. उलट वायू जास्त जोराने ओढला तरी पंचाईत: बाहेरची हवा आत शिरते आणि ढीग आतून पेटतो. पंप किती चालवायचा, हे आम्ही वायू ओढायला ढिगात खणलेल्या विहिरीतला ऑक्सिजन आणि तापमान बघून ठरवतो.

आता बहुतेक काम बायोमायनिंगच्या, म्हणजे जुना कचरा उकरून वेगळा करण्याच्या जागांवर. पोकलेनने ढीग उकरायच्या आधी आमचा माणूस मीटर घेऊन फिरतो. पावसाळ्यात पाईपांत लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेलं घाण पाणी भरतं, तेव्हा सगळंच थंड. पुढची खरेदी लांबून मिथेन टिपणाऱ्या लेझर मीटरची आहे. कर्जाच्या अर्जात 'कशासाठी' या रकान्यात 'कचऱ्यातला वायू मोजण्यासाठी' असं लिहिलंय. बँकेचे साहेब एकदा डेपो बघायला येणार म्हणतात.